सस्तन प्राण्यांचा नमुना पाठ

सोमवार, १० जानेवारी १९८३. सकाळी ७.

नवी रोजनिशी सुरू. बियाणांच्या दुकानदाराने सासऱ्यांना भेट दिली, सासऱ्यांनी मला पाठवली. प्रत्येक पानाच्या तळाला पेरणीबद्दल एक सल्ला छापलाय. यंदा या गावात पेरलेलं काहीच उगवलेलं नाही, त्यामुळे सल्ले वाचायला निवांत वेळ आहे.

संकल्प: रोज लिहायचं. तंबाखू आजपासून बंद. मार्चअखेर लातूरला बदली. तिन्ही गोष्टी माझ्या हातातल्या आहेत.

तिसऱ्या संकल्पाचं कारण नीला. माझी बायको लग्नानंतर या गावात एकोणीस दिवस राहिली. विसाव्या दिवशी आड आटला आणि ती लातूरला माहेरी गेली. नळाच्या गावी बदली करून घ्या, त्या दिवशी येते, असं सांगून गेली. त्याला चौदा महिने झाले. तिचं म्हणणं रास्त आहे. मी अजिबात रागावलेलो नाही.

आणि आता संधी चालून आलीय. ऑगस्टात लातूर जिल्हा झाला तेव्हाच मी म्हणालो होतो, आता आपले दिवस फिरणार. नव्या साहेबांचं परिपत्रक आलंय: २१ फेब्रुवारीला ते शाळेत येऊन एक नमुना पाठ बघणार. ज्याचा पाठ चांगला होईल त्याला लातूरला घेणार.

हेडमास्तर अण्णाराव पहिली-दुसरी सांभाळतात, मी तिसरी-चौथी. त्यांना परिपत्रक दाखवलं. ते म्हणाले, साहेब येतेत, चहा पितेत, जातेत. निवृत्तीला त्यांची सात वर्षं उरलीत. अशा माणसाकडून उत्साहाची अपेक्षा नाही.

तंबाखू: एकदाच. पुडीत उरली होती, वाया कशाला घालवायची.

गुरुवार, १३ जानेवारी

विषय ठरला. तिसरीचा 'सस्तन प्राणी'. सोपा आहे, एका वाक्यात बसतो: ज्या प्राण्याची मादी पिल्लाला आपलं दूध पाजते तो सस्तन. फळ्यावर लिहिलं. तेवीस मुलांनी वहीत उतरवलं. पाच मिनिटांत सगळं संपलं. पस्तीस मिनिटं उरली म्हणून तक्ता काढला, ही चूक झाली. तक्त्यात पहिलाच देवमासा.

हा मासा नव्हे, सस्तन आहे, असं सांगितलं. भुजंग म्हणून एक आगाऊ पोरगं आहे. त्यानं विचारलं, याला रोज किती पाणी लागतं? मी म्हणालो, समुद्र. किती टँकर, असं त्यानं विचारलं. अगणित, असं सांगितलं. गावाला दोन दिवसांआड एक टँकर येतो. मग मागून कुणीतरी म्हणालं, मरू द्या की गुरुजी मग त्याला.

उद्यापासून देवमासा गाळायचा.

सोमवार, १७ जानेवारी

लातूरला जाऊन आलो. बदलीच्या अर्जाची चौकशी केली. नव्या जिल्ह्यातले म्हणाले, जुन्या जिल्ह्यातून फाईल यायचीय. जुन्या जिल्ह्यात मागेच विचारलं होतं, ते म्हणाले होते, इथून गेलीय. म्हणजे माझा अर्ज वाटेवर आहे. ही चांगलीच गोष्ट म्हणायची, निदान निघाला तरी.

नीलाकडे गेलो. तिने नळ सोडून दाखवला. चांगली धार होती. बराच वेळ दोघं बघत उभे राहिलो.

परत आल्यावर वर्गातल्या नकाशावर लाल पेन्सिलीने नव्या जिल्ह्याची हद्द काढली. हात थोडा हलला. उदगीर बाहेर राहिलं. नंतर बघू.

मंगळवार, २५ जानेवारी

आज 'माणूसही सस्तन आहे' हे शिकवलं. कॉन्फिडन्स उत्तम होता. फळ्यावर एका ओळीत मांडलं: गाय, म्हैस, शेळी, कुत्रा, उंदीर, माणूस.

दुपारी सरपंच व्यंकटराव शाळेत आले. त्यांचा नातू रडत घरी गेला होता. ते म्हणाले, गुरुजी, आमच्या घराण्याला आजपर्यंत कुणी उंदरापल्याड बसवलं न्हाई. मी विज्ञान समजावलं. ते म्हणाले, तुमचं इज्ञान ऱ्हाऊ द्या, मधात एक रेघ तरी वढा.

रेघ ओढली. विज्ञानाला बाध येत नाही, रेघ पातळ आहे.

शनिवार, २९ जानेवारी

वटवाघळाने दगा दिला. उडतं तरी सस्तन कसं, यावर अर्धा तास गेला. शेवटी पंचशीला उठली. वर्गातली सर्वात हुशार मुलगी. आईवडील दोघंही रोजगार हमीच्या खडीवर जातात. ती म्हणाली, गुरुजी, माय सांगती, ज्याचा कान भाईर त्याला पिल्लू, ज्याचा कान आत त्याचं अंडं.

मग सगळा वर्गच सुटला. कुत्रा: कान बाहेर, पिल्लू. कोंबडी: कान आत, अंडं. पाल, बेडूक, चिमणी, उंदीर, शेळी. एकही चुकलं नाही. वटवाघळाला पण कान आहेत, मोठे आहेत. दोन मिनिटांत विषय खलास.

मी कडक शब्दांत सांगितलं की हे शास्त्रीय नाही. देवमाशाचा कान दिसत नाही, मग तो काय अंडं देतो? पंचशीला म्हणाली, त्यो बगितलाय का कुणी?

साहेबांसमोर कानाचं कुणी बोलायचं नाही, अशी ताकीद दिली. पाठ पुस्तकाप्रमाणे झाला पाहिजे.

बुधवार, २ फेब्रुवारी

साक्षात्कार झाला. तक्ता नको, प्रॅक्टिकल! साहेबांसमोर जिवंत जनावर उभं करायचं. आई पिल्लाला चाटते, पान्हा सोडते, मुलं एका सुरात म्हणतात 'सस्तन'. असा पाठ आख्ख्या जिल्ह्यात कुणी घेतला नसेल. नवा जिल्हा आहे, पहिला मान आपलाच.

शाळा सुटल्यावर गावात दुभतं जनावर शोधलं. गाई भाकड. बऱ्याच विकल्या, उरलेल्या चाकूरच्या अलीकडच्या माळावर गुरांच्या छावणीत गेल्या. आख्ख्या गावात दूध देणारी एकच म्हैस, भामाबाईची. तिचंही रेडकू गेल्या आठवड्यात मेलं. रेडकू दिसल्याशिवाय म्हैस पान्हा चोरते, शेरभर दूध असूनही थेंब देत नाही. भामाबाई म्हणाली, कातडं मीठ लावून वाळवलंय, त्यात भरून रेडकू उभं करावं लागतंय, पन भरनार कोन? मालकाच्या हाताला फोड आलेत, खडी फोडून.

मी म्हणालो, रेडकू मी करून आणतो, म्हैस २१ तारखेला शाळेत आणायची. ठरलं.

तंबाखू: आनंदाच्या भरात दोनदा.

मंगळवार, ८ फेब्रुवारी

आजचा प्रसंग लिहायचा नव्हता, पण रोज लिहायचा संकल्प आहे. (मधले पाच दिवस विचारात गेले, तेही एक प्रकारे लिहिणंच.)

कातडं घेऊन पंचशीलाच्या वडिलांकडे गेलो, साहेबरावांकडे. मला वाटलं, या कामाची त्यांना माहिती असेल. का वाटलं, ते लिहीत नाही. साहेबरावांनी बसायला घोंगडी टाकली, तांब्यातलं पाणी दिलं, घरात तेवढंच दिसत होतं. मग शांतपणे म्हणाले, आमच्या बापानं छप्पन सालीच हे काम सोडलं, गुरुजी. अन् मानूस सगळा एकच म्हनून पोरीला तुमीच शिकवलाव न्हवं, मागच्या मंगळवारी?

मागच्या नव्हे, त्याच्या मागच्या. पण मी दुरुस्त केलं नाही. लाज वाटली. पाणी पिऊन उठलो.

निघताना ते म्हणाले, दाभन पायजे का? दाभण आणि सुतळी घेऊन आलो.

संध्याकाळभर स्वतः शिवत बसलो. आतमध्ये भामाबाईने दिलेल्या चिंध्या आणि लिंबाचा वाळलेला पाला भरला. डी.एड.ला आम्हाला हस्तव्यवसाय होता, पण त्यात कागदी फुलं होती. पोटाखाली नऊ टाके पडले. रेडकू उभं राहतं, थोडं डावीकडे कलतं.

शनिवार, १२ फेब्रुवारी

रिहर्सल! पूर्ण यशस्वी! भामाबाईच्या गोठ्यात सगळा वर्ग नेला. म्हशीपुढे रेडकू उभं केलं. तिने हुंगलं, चाटलं, डोळे मिटले आणि पान्हा सोडला. चरवीत धारा वाजायला लागल्या. मुलं एका सुरात ओरडली, सस्तन! माझ्या अंगावर काटा आला.

परत येताना पंचशीलाने विचारलं. माझ्या मायचं दूध आटलंय, बारकं भाऊ लई रडालंय. मग माय आता सस्तन न्हाई का?

घंटा झाली, असं मी सांगितलं. घंटा झालेली नव्हती. घंटा मीच वाजवतो, तेव्हा मग शाळेत जाऊन वाजवली.

प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा आहे.

रविवार, २० फेब्रुवारी. संध्याकाळ.

शेवटची तयारी. रेडकू फारच रोड दिसत होतं. बरगड्यांच्या जागी चिंध्यांच्या गाठी. नव्या जिल्ह्याच्या साहेबांना असं मरतुकडं सस्तन काय दाखवायचं? शाळेच्या इज्जतीचा प्रश्न आहे असं सांगून व्यंकटरावांच्या माळवदावरून चांगल्या कडब्याच्या दोन पेंढ्या मिळवल्या. हिरवट, पानासकट. टाके उसवले, पाला काढला, कडबा ठासून भरला, परत शिवलं. रेडकू असं गुटगुटीत झालं की पुस्तकात छापावं.

भामाबाई बघायला आली. म्हणाली, गुरुजी, कडबा नगा भरू, म्हस उपाशी हाय. मी हसलो. आईचं प्रेम ही निसर्गातली सर्वात मोठी शक्ती आहे, पाठात दिलेलंच आहे, असं सांगितलं. तिचं शिक्षण नाही, तिला दोष देत नाही.

नीलाला पत्र टाकलं: सामान बांधायला लाग. म्हणजे मी बांधतो, तू जागा करून ठेव.

सोमवार, २१ फेब्रुवारी. सकाळी ६.

आजचा दिवस माझा. दाढी केली. पाणी अर्धा पेला.

सकाळी १०.

म्हैस लिंबाखाली बांधली. रेडकू वर्गात झाकून ठेवलंय. मुलं रांगेत. साहेबांची जीप फाट्यावर दिसली, असं अण्णाराव म्हणाले. तंबाखू नाही!

संध्याकाळी ५.

जे झालं ते क्रमाने लिहितो, म्हणजे मलाच कळेल.

साहेब आले. चहा घेतला. मी व्याख्या सांगितली, मुलांनी म्हटली. मग मी म्हणालो, चला, आता निसर्गाकडूनच शिकू. रेडकू बाहेर आणलं. साहेब खुर्चीवर सरसावून बसले. भामाबाई चरवी घेऊन बसली. म्हशीने रेडकाला हुंगलं. चाटलं. मी साहेबांकडे बघून म्हणालो, मातृप्रेम.

म्हैस चाटत चाटत पोटाखाली गेली. तिथे माझे नऊ टाके. त्यातला एक सुटला आणि कडब्याचं एक पान बाहेर आलं. तिने ते ओढलं. खाल्लं. मग दुसरं. मग दोन टाके एकदम गेले आणि तिने तोंडच आत घातलं.

नुसता चावण्याचा आवाज. मी दावं धरून ओढलं, पण उपाशी म्हशीला कोण ओढणार? रेडकू आधी पोटात खचलं, मग मान पडली, मग डावीकडे आडवं झालं. म्हैस खात राहिली. आणि खाता खाता तिने पान्हा सोडला. भामाबाई मान खाली घालून धारा काढत होती, चरवी वाजत होती.

साहेबांनी मुलांकडे बघून हळूच विचारलं, तर मग सस्तन प्राणी म्हणजे कोण?

भुजंग उठून म्हणाला, जी दूध देत देत आपलं लेकरू खाती ती.

सगळा वर्ग 'सस्तन!' म्हणून ओरडला. एका सुरात. रिहर्सलप्रमाणे.

पंचशीला उभी राहिली. म्हणाली, साहेब, तिला भूक लागली हुती. तिनं लेकराला न्हाई खाल्लं, कडब्याला खाल्लं.

साहेबांनी वही मागवून शेरा लिहिला आणि जीप गेली.

तंबाखू: मोजली नाही.

मंगळवार, २२ फेब्रुवारी

विचारांती कालचा पाठ फसला असं म्हणता येत नाही. (अ) पान्हा सुटला होता, सर्वांनी पाहिला. (आ) मुलं विचार करायला लागली. (इ) सुतळी माझी नव्हती.

साहेबांचा शेरा आज नीट वाचला: 'शिक्षकांना जनावरांविषयी विशेष आस्था आहे.' विशेष! हा शब्द साहेब लोक उगाच वापरत नाहीत. अण्णारावांना दाखवला. ते म्हणाले, बगू.

शनिवार, ५ मार्च

नीलाचं पत्र. जागा करून ठेवलीय, पण बदलीचा कागद घेऊनच या, असं लिहिलंय. शेजारणीला ऑर्डर दाखवायचीय म्हणे. स्वाभाविक आहे.

पंचशीला चार दिवस शाळेत नाही. तिच्या आईचं, साखराबाईचं, खडीचं काम आता चाकूरकडच्या माळावर हललंय, ती तिथे धाकट्याला सांभाळते. मी हजेरीपटावर तिला हजर लावलं. का लावलं, सांगता येत नाही.

सोमवार, १४ मार्च

ऑर्डर आली!! टपालवाल्याला ओवाळायचं बाकी ठेवलं. पाकिटावर नव्या जिल्ह्याचा शिक्का, शाई अजून ओली वाटत होती. अण्णारावांसमोर फोडली. मोठ्याने वाचायला लागलो.

'सदर शिक्षकांना जनावरांविषयी विशेष आस्था असल्याचे निदर्शनास आल्याने, टंचाई परिस्थिती संपेपर्यंत त्यांची सेवा गुरांच्या छावणीवर नोंदणीकामी वर्ग करण्यात येत आहे.'

अर्ध्या वाक्यापासून हळू वाचलं.

अण्णाराव म्हणाले, बदली हाय की, गुरुजी. माणूस वाईट नाही. त्यांनी स्वतःची छत्री दिली, माळावर सावली नाही म्हणून.

माळ लातूरच्या वाटेवर आहे, ही जमेची बाजू. उभं राहिलं की लातूरच्या एस.टी. जाताना दिसतात.

सोमवार, २१ मार्च. सकाळी ९.

आठवडा झाला. काम सोपं. वहीत चार रकाने: मोठी, लहान, दुभती, भाकड. गुरुवारपर्यंत 'दुभती' रकाना कोराच होता.

गुरुवारी भामाबाई म्हैस घेऊन छावणीत आली. म्हैस आता पान्हा सोडत नाही, तिच्यापुढे उभं करायला रेडकूच राहिलं नाही. भामाबाईने गाठोडं सोडलं, त्यात ते कातडं होतं. फाटलेलं, रिकामं. भरायला छावणीत चिंधीही जादा नाही. कडब्याचं मीच बोललो नाही.

पलीकडे खडीवर साखराबाई दिसत होती. पंचशीला बारक्याला कडेवर घेऊन आमच्याकडे बघत उभी. बारका रडत नव्हता. रडायचं त्याने सोडलंय. हे मला रडण्यापेक्षा वाईट वाटलं.

भामाबाई म्हणाली, गुरुजी, तुमच्याच हातचं हुतं ते रेडकू. घ्या कातडं खांद्यावर अन् ऱ्हावा म्होरं उभं.

मी म्हणालो, मी नोंदणीकामी आहे.

ती म्हणाली, हाव, ठावं हाय. वाका जरा.

मी वाकलो. कातडं पाठीवर घेतलं. म्हैस पुढे आली, हुंगलं. माझा खांदा चाटला, मग मान, मग कान. जीभ खरखरीत आहे. डोळे मिटून घेतले, तिनेही आणि मीही. आणि मागे चरवी वाजायला लागली.

तेव्हापासून रोज सकाळी सहाला हे चाललंय. माझ्याशिवाय ती पान्हा सोडत नाही, भामाबाईच्या नवऱ्याला उभं करून बघितलं, नाही सोडला. पहिला पेला बारक्याला. काल पिऊन झाल्यावर तो रडला, चांगला जोरात रडला. साखराबाई डोळे पुसत हसली. मला तोंड फिरवावं लागलं.

पंचशीलाला मी स्वतःहून सांगितलं, तुझी माय सस्तनच आहे, दूध आटलं तरी. तिने मान हलवली. म्हणाली, मला ठाव हुतं की, तिचा कान भाईरच हाय. मग माझ्याकडे बघत राहिली. म्हशीने चाटून चाटून माझा उजवा कान लाल झालाय.

वहीत 'दुभती' रकान्यात एक लिहिलं. 'लहान' रकान्यात भामाबाईच्या नावापुढे काय लिहावं, याचा विचार केला. शून्य लिहिलं, मग खोडलं.

नीलाचं पत्र आलंय. छावणीवर नेमकं कोणतं पद दिलं, शेजारीण विचारते आहे. पेन घेऊन बराच वेळ बसलो. 'प्रिय नीला' पर्यंत झालं.

उत्तर उद्या. पण उद्या सहाला म्हैस आहे.